पोटहिस्सा म्हणजे मंजूर प्लॉट नव्हे

एकांनी विचारलंय की सातबाऱ्यावर ४५/२/१ असा पोटहिस्सा (मूळ नंबरच्या जमिनीचा वेगळा पाडलेला भाग) पडला, तर लेआउट, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा नकाशा, मंजूर झाला असं समजायचं का? नाही. पोटहिस्सा हा महसूल आणि भूमी अभिलेखचा मामला. वाटणी झाली, मोजणी झाली, नवा नंबर पडला, एवढंच. लेआउट (मराठीत रेखांकन, कागदोपत्री 'अभिन्यास') मंजूर करतं ते नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका, नगरपालिका वगैरे. त्यात रस्त्याची रुंदी, पाणी-गटार, खुली जागा सगळं येतं. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जमीन ०.४ हेक्टर किंवा जास्त असेल तर १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ब्रोशरमधली 'गार्डन' बहुतेकदा हीच, बिल्डरची मेहरबानी नव्हे!

मंजुरीतही 'तात्पुरती' आणि 'अंतिम' हा फरक बघा. तात्पुरतीनंतर जागेवर आखणी आणि मोजणी होते, मग अंतिम. विकणारे पहिलाच शिक्का दाखवतात.

गुंठेवारी, म्हणजे मंजुरीविना गुंठा-गुंठा पाडून विकलेली जमीन, ही तर वेगळीच भानगड. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. असे तुकडे नियमित करायला २००१ चा कायदा आला, पण नुसतं 'गुंठेवारीत आहे' याचा अर्थ 'नियमित झालं' असा होत नाही. नियमित झाल्याचं प्रमाणपत्र मागा. आमच्या ओळखीतल्या एकांनी दोन गुंठे घेतले. सातबाऱ्यावर अकरा नावं सामाईक, आणि आपला तुकडा नेमका कुठला ते दाखवायला फक्त चुन्याची रेघ. पावसात तीही गेली.