केस स्टडी, लाभार्थी, मुलाखत : मराठीत म्हणायचं काय?

माळरान
धाराशिवकडच्या एका संस्थेसाठी मी बचत गटातल्या बायकांना भेटून त्यांच्याबद्दल लिहिते. देणगीदाराला जाणाऱ्या त्या दोन पानांना ऑफिसात सगळे 'केस स्टडी' म्हणतात. परवा एका मावशींना म्हणाले, "तुमची केस लिहून घ्यायचीय." त्यांनी हातातलं पातेलंच खाली ठेवलं. "केस? मी काय केलंय बाई? हप्ता तर भरलाय की सोमवारी!"
बीएडच्या पुस्तकात 'व्यक्ती अभ्यास' आहे, समाजशास्त्रवाले 'व्यष्टी अध्ययन' लिहितात. यातलं एकही ओट्यावर बसून बोलता येत नाही. तोंडी चालेल आणि छापताही येईल असा शब्द सुचवा.

गावठाण
'यशोगाथा' आहे की. सरकारी मासिकांत वर्षानुवर्षं चालतो.

माळरान
चालतो, म्हणूनच नको. शेळ्या मेल्या, कर्ज अंगावर राहिलं, त्या बाईचं काय लिहू? यशोगाथेत तिला जागाच नाही.

पोथीपुराण
'हकीकत' घ्या. मूळ अरबी, पण मराठीत चांगला मुरलेला. हिंदीच्या नादानं हल्ली लोक तो 'वास्तव' या अर्थानं वापरतात. आपल्याकडे हकीकत म्हणजे घडलं तसं सांगणं. जुन्या कागदांत 'करीना' आणि 'कैफियत'ही भेटतात. करीना म्हणजे वतनदारानं आपल्या घराण्याचा, हक्काचा सांगितलेला तपशीलवार वृत्तान्त. म्हणजे तीही एका अर्थी मुलाखतच, फक्त वतनासाठी. कैफियत मात्र टाळा. कोर्टात प्रतिवादी लेखी कैफियत देतो, मावशी पुन्हा घाबरतील.
आणि हिंदी नमुन्यातला 'साक्षात्कार' तर मुळीच उचलू नका. तिकडे ती मुलाखत, आपल्याकडे त्याला विठोबा दिसावा लागतो.

उंबरठा
'मुलाखत' शब्दाचीही गंमत आहे. अरबीत तो नुसता भेटीचा शब्द. पेशवाईच्या पत्रांत 'मुलाखत झाली' म्हणजे भेट झाली. नंतर तो वर्तमानपत्र आणि नोकरी यांनी पळवला. मी कैद्यांच्या कुटुंबांसोबत काम करते. तुरुंगात नातेवाईक भेटायला येतात त्याला अजून मुलाखतच म्हणतात. म्हणून त्या घरांत "मुलाखत घ्यायला आलेय" म्हटलं की वेगळाच अर्थ लागतो. मी सरळ "बोलायला आलेय" म्हणते.

कोरडवाहू
माझं भांडण 'लाभार्थी'शी आहे. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, शरणार्थी म्हणजे आश्रय मागणारा. तसा लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा, हात पसरलेला. मिळाल्यावरही त्याला आपण अर्थीच ठेवतो! 2017 मध्ये राज्य सरकारनं 'मी लाभार्थी' अशी जाहिरात केली, तेव्हापासून हा शब्द टिंगलीचाही झाला. पाटबंधारे खात्याचा 'लाभधारक' त्यापेक्षा बरा. पाणी वापरणारा, पाणीपट्टी भरणारा, हक्क धरून असलेला.

गावठाण
शब्द बदलून काय होतं? शेळी तीच, गरिबी तीच.

कोरडवाहू
वाक्य बदलतं. अहवालात असतं, "लाभार्थीस दोन शेळ्या देण्यात आल्या." बाई सांगते, "मी दोन शेळ्या घेतल्या, एक विकून फी भरली." हे 'देण्यात आल्या' कर्त्याला गिळतं. देणारा दिसत नाही, घेणारी नुसती उभी. मी असले मसुदे तपासतो तेव्हा पहिली लाल रेघ 'देण्यात'वर.

पोथीपुराण
आणि दुसरी 'सक्षमीकरण'वर मारा.

उंबरठा
पण गावठाणांचा मुद्दा अगदीच फेकू नका. 2023 मध्ये 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' लिहावं असा मंत्र्यांचा प्रस्ताव आला होता. कोण चिडलं! उगाच नव्हे. पवित्र नाव देऊन शिक्का जात नाही, उलट ठळक होतो. कोरोनानंतर 'एकल महिला' रुळला, तो कार्यकर्त्यांनी बायकांबरोबर काम करता करता. तरी मी प्रत्येकीला विचारते. एकीनं सांगितलं, "काही लिहू नका, माझं नाव लिहा."

माळरान
नावाचंच अडतं. आमच्याकडे 'नाव बदलले आहे' ही तारांकित ओळ सवयीनं पडते.

उंबरठा
मुलांच्या बाबतीत ती हवीच. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार कायद्याच्या प्रकरणात अडकलेल्या, संरक्षणाची गरज असलेल्या, पीडित किंवा साक्षीदार मुलांची ओळख उघड करता येत नाही. गाव आणि शाळासुद्धा झाका. मोठ्या बाईला मात्र विचारा. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभा केला, त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव-गाव येतं. ती 'माहितीचा स्रोत' झाली नाही, गाणारीच राहिली.
संमतीसाठीसुद्धा "इथं सही करा" आधी नको. लिहिलेलं वाचून दाखवा, मग विचारा. सही म्हटलं की कर्जाचा कागद वाटतो.

माळरान
काल पुन्हा गेले होते. म्हटलं, "मावशी, तुमची हकीकत सांगता का?" त्यांनी पदरानं ओटा झटकला, मला बसवलं. "कुठनं सांगू? लग्नापासनं का दुष्काळापासनं?" दीड तास बोलल्या. शेळ्या शेवटच्या दहा मिनिटांत आल्या.
मथळ्यात 'हकीकत' लिहिलंय. देणगीदाराच्या तक्त्यात पहिला रकाना मात्र 'लाभार्थीचे नाव' असाच आहे, आणि फाइल लॉक करून पाठवलीय.