मदत हवी आहे: एल तेआत्रो काम्पेसिनोच्या जुन्या चित्रफिती

स्पॅनिश रंगभूमीतलं स्थलांतर आणि सीमा यांवर पीएचडी करतेय. एक प्रकरण १९६५ च्या द्राक्षमळ्यांच्या संपात कॅलिफोर्नियात उभ्या राहिलेल्या 'एल तेआत्रो काम्पेसिनो' या शेतमजुरांच्या नाटकमंडळीवर आहे. छापील संहिता वाचून झाल्यात. पण ट्रकच्या हौद्यावरचा प्रयोग कागदावर कुठे दिसतो! त्यांच्या एका नाटकात मालकाचा डुक्कर-मुखवटा मजुराच्या तोंडावर चढतो तेव्हा त्याची चाल कशी बदलते, मला नेमकं तेच बघायचंय. न्यूयॉर्कच्या हेमिस्फेरिक इन्स्टिट्यूटचा ऑनलाइन व्हिडिओसंग्रह चाळला. मंडळीचं दप्तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत आहे. यंदा तिकडे जाणं परवडणार नाही. स्पॅनिश येतं, भाषांतर नकोय. तिथून चित्रफितींच्या प्रती कुणी भारतात मागवल्यात का? शुल्क किती पडलं, आणि त्यातली दृश्यं प्रबंधात छापायला नाट्यसंस्थेची वेगळी परवानगी लागली का?