प्रतिसाद: केमिस्ट्रीवाल्यांनाही खनिज शुद्धीकरणात पीएचडी करता येते

नांदेडच्या भावानं विचारलंय की एमएस्सी केमिस्ट्रीवर खनिज शुद्धीकरणात फेलोशिपसह पीएचडी मिळेल का, अन् वर कोणीतरी लिहिलंय की ते फक्त मेटलर्जीच्या (धातुशास्त्राच्या) इंजिनिअरांचं काम. मला हे अजिबात पटलं नाही. याच क्षेत्रातलं एक काम बघा: जुन्या लिथियम बॅटरी फोडून निघालेली काळी पावडर ॲसिडमध्ये विरघळवायची, मग सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शननं (म्हणजे एक धातू दुसऱ्या द्रवात ओढून घेऊन) कोबाल्ट अन् निकेल वेगळं करायचं, हे दोघं आवर्त सारणीत शेजारी अन् वागतात पण सारखंच म्हणून खरी मेहनत तिथंच, ही केमिस्ट्रीच आहे की! पाणी कमी कसं लागेल, उरलेल्या ॲसिडचं काय करायचं, हे प्रश्न तर टँकर बघत मोठं झालेल्या मराठवाड्याच्या पोरांना जास्त कळतात.

पैशाचं म्हणाल तर आधी सीएसआयआर नेट या केंद्राच्या परीक्षेतून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) काढा, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढं सीनिअर म्हणजे एसआरएफ झाली की ४२,०००, वर एचआरए (घरभाडं). ती घेऊन भुवनेश्वरची आयएमएमटी नाहीतर जमशेदपूरची एनएमएल गाठा, दोन्ही सीएसआयआरच्याच खनिज-धातूंच्या प्रयोगशाळा. केंद्राचं क्रिटिकल मिनरल मिशन (लिथियम, कोबाल्टसारख्या महत्त्वाच्या खनिजांसाठीचं) जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालंय, त्यामुळं या विषयाला आता चांगले दिवस आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती पण बघत राहा.

युरोपात जायचं असेल तर मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्क ही युरोपियन युनियनची पीएचडीची योजना बघा, तिथं नोकरीचा करार अन् पगार असतो, मुख्य अट अशी की ज्या देशात जायचं तिथं मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आपल्याला ती आडवी येतच नाही. फक्त गाईडचे दोन-तीन पेपर नीट वाचून मगच मेल टाका भाऊ, सगळ्यांना एकच मेल पाठवला तर उत्तर येत नाही.