प्रतिसाद: नोकिया अमेरिकेत का हरली?

नोकियाचे फोन अमेरिकी ग्राहकाला दिसायलाच जुनाट वाटले म्हणून खपले नाहीत, हे मत मला पटत नाही. हँडसेट एका दुकानातून आणि सिमकार्ड दुसरीकडून घेण्याची आपल्याला सवय असल्यामुळे एक गोष्ट नजरेतून निसटते, ती म्हणजे तिथे त्या काळात बहुतेक फोन मोबाइल सेवा कंपन्यांमार्फतच, दोन वर्षांच्या कराराने, सवलतीच्या दरात विकले जात. व्हेरायझन आणि स्प्रिंट या तिथल्या मोठ्या सेवा कंपन्यांचे जाळे सीडीएमए या वेगळ्या मोबाइल तंत्रज्ञानावर चालत असताना नोकियाने २००६ मध्ये त्या तंत्रज्ञानातून अंग काढून घेतले आणि बाजाराचा मोठा हिस्सा आपणहून सोडला.

नोकियाच्या ल्युमिया ९०० या विंडोजवर चालणाऱ्या स्मार्टफोनचे उदाहरण तर फारच क्लेशदायक आहे. एटी अँड टी या अमेरिकी सेवा कंपनीने तो ८ एप्रिल २०१२ रोजी, नेमका ईस्टरच्या रविवारी विक्रीला आणला, आणि त्या दिवशी त्यांची बरीच दुकाने बंद होती. करारासह ९९ डॉलर ही किंमत खरोखर आकर्षक होती. मात्र जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ ही नवी कार्यप्रणाली ल्युमिया ९०० सह त्या वेळच्या हँडसेटना मिळणार नसल्याचे जाहीर केले आणि जुलैत किंमत निम्म्यावर आली. विश्वासाने दोन वर्षांचा करार केलेल्या ग्राहकांवर हा सरळसरळ अन्याय होता.