प्रायव्हेट मेथडची टेस्ट, पिनकोड आणि ‘बेळगाव’

शहापूर (मूळ पोस्ट): टीडीडीत (आधी टेस्ट, मग कोड अशी पद्धत) प्रायव्हेट मेथडची, म्हणजे फक्त क्लासच्या आतूनच बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याची, टेस्ट हवी असेल तर जावाच्या रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्राममध्ये मेथड नावाने शोधून बोलावायची सोय) ती उघडा. तपासणीसाठी वेगळा क्लास काढणं म्हणजे पसारा.

टिळकवाडी: हे वाचून गप्प बसवेना. रिफ्लेक्शनमध्ये मेथडचं नाव स्ट्रिंग म्हणून जातं. नाव बदललं तरी कंपायलर (कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा) हूं की चूं करत नाही, टेस्ट चालवल्यावरच फुटते. आतलं एक्सेप्शनही (चूक झाल्याचा इशारा) दुसऱ्यात गुंडाळून येतं, ते सोडवत बसायचं. समजा ऑर्डरच्या क्लासमध्ये पत्त्याचा पिनकोड तपासणारी प्रायव्हेट मेथड आहे; ती उघडण्यापेक्षा वेगळा ‘पिनकोड’ क्लास काढा. नियम दोनच: सहा अंक आणि पहिला शून्य नको. ५९०००१ पास; पाच अंकी, सात अंकी, ०९०००१ नापास. ऑर्डर, ग्राहक, डेटाबेस काही उभं करायला नको.

खानापूर: आणि त्या क्लासला बोलावणारा एकच! टीडीडीत प्रायव्हेट मेथड रिफॅक्टर करताना (वागणूक तीच ठेवून कोडची मांडणी सुधारताना) निघते, म्हणजे बाहेरून बोलावता येणाऱ्या पब्लिक मेथडची टेस्ट तिच्यावरून आधीच गेलेली असते. प्रत्येक तुकड्याला टेस्ट चिकटवलीत तर उद्या दोन तुकडे एक करताना वागणूक तीच राहूनही टेस्ट लाल (नापास) होतात. मग लोक रिफॅक्टर करणंच सोडतात.

निपाणी: पिनकोड इतका सोपा नाही हो. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक आले तर? जावाचा रेजेक्समधला (मजकुराचा साचा जुळवायची भाषा) बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘एक अंक’ ही खूण, ते नाकारतो, पण कॅरेक्टर क्लासचं ‘अंक आहे का’ विचारणारं इज-डिजिट स्वीकारतं. कन्नड अंकांचंही तसंच. कुणी ‘साफसफाई’ म्हणून एकाच्या जागी दुसरं घातलं की नियमच बदलला. इंग्रजी अंकांच्या टेस्ट मात्र हिरव्याच.

गाडी नंबरचंही बघा. जिल्हा बेळगाव म्हणून फक्त केए-२२ मान्य करतात. चिकोडीचा केए-२३ कुठं गेला?

वडगाव: आणि जिल्ह्याच्या यादीत फक्त ‘बेळगावी’! १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, त्याआधीच्या कागदांवर ‘बेळगाव’च आहे. ते चुकीचं ठरवणारा प्रोग्राम माणसाचा पत्ता नाकारतो.

खानापूर: सीमाप्रश्न इथं कशाला काढालासा? विषय टेस्टचा आहे.

वडगाव: टेस्टचाच आहे! दोन्ही नावं एकाच जिल्हा-कोडवर गेली पाहिजेत, ही टेस्ट कुणी लिहीत नाही. नियम प्रायव्हेट मेथडमध्ये दडला की तो चुकलाय हे दिसतच नाही.

खानापूर: बरं. नियमाला इतकी पोटकलमं असतील तर क्लास काढा, एवढं मान्य. दोन ओळींच्या ‘रिकामं आहे का’साठी नाही. आणि क्लास काढल्यावर ऑर्डरमधून तपासणीची ओळ कुणी उडवली तर? तुमच्या साऱ्या पिनकोड टेस्ट पास होत राहतील.

टिळकवाडी: म्हणून ऑर्डरच्या पब्लिक मेथडला एक चुकीचा पिन देऊन नकार तपासायचा. एकच पुरे, बाकीचे प्रकार पिनकोडच्या टेस्टमध्ये. त्याहून पक्कं म्हणजे तपासणीने खरं-खोटं न परतवता ‘पिनकोड’ ऑब्जेक्टच द्यावा, आणि ऑर्डरने स्ट्रिंग घेऊच नये. मग ती ओळ उडवली की कोड कंपाइलच होत नाही.

खानापूर: हे मात्र पटलं. रिफ्लेक्शनपेक्षा शंभरदा बरं.