स्थानिक म्हणजे नक्की कोण?
प्रश्न असा विचारलाय की कोल्हापुरातल्या लघुपट महोत्सवात फक्त इथे राहणाऱ्यांचेच लघुपट घ्यावेत का. माझं मत स्पष्ट आहे, तसं करू नका. दिग्दर्शक इथला नसेल, पण गोष्ट इथल्या गुऱ्हाळातली असेल तर ती आपलीच. आणि शिक्षणासाठी पुण्याला गेलेली गडहिंग्लजची मुलगीही आपलीच.

या गावात सिनेमा आला तोच माणसांच्या गोतावळ्यातून. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा इथेच घडवला, त्यांच्या चित्रपट कंपनीला तानीबाई कागलकरांनी पैसा दिला. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथेच शिकले आणि १९२९ साली त्यांनी प्रभात फिल्म कंपनीही इथेच सुरू केली. पुढे १९३३मध्ये ती पुण्याला गेली, म्हणून काय आपण तिला परकी म्हणतो?

एक काम मात्र आजच हाती घ्या. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले लघुपट लोकांना दाखवायचे तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. शेवटच्या आठवड्यात ही धावपळ जमत नाही.

आवाजाची चाचणी प्रत्येक लघुपटासाठी वेगळी करा. घरी हेडफोन लावून मिसळलेला आवाज सभागृहात पार बुडतो, आणि आपली बोली ऐकू आली नाही तर मग उरलं काय?

ज्यांच्या शेतात, वाड्यात चित्रीकरण झालं त्यांना पहिल्या रांगेत बसवा. मी खुर्च्या लावायला येतो.