मदत हवी आहे: फेंटन प्रक्रियेने रंग गेला, सीओडी उतरला, मग डॅफ्निया का मरत आहेत?

नीलवर्णा

नमस्कार. मी पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी कापड-प्रक्रिया उद्योगाच्या सांडपाण्यावर काम करत आहे. इचलकरंजी परिसरातील एका प्रोसेस हाऊसमधून मला रिॲक्टिव्ह रंगाईचे आणि त्यानंतरच्या पहिल्या धुण्याचे एकत्र पाणी मिळाले. त्यात प्रामुख्याने रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ आणि थोड्या प्रमाणात रिॲक्टिव्ह ब्लू २१, म्हणजे बाजारात ज्याला टर्कॉइज म्हणतात तो रंग आहे. विरघळलेले एकूण क्षार लिटरला सुमारे ७ ग्रॅम आहेत आणि त्यात ग्लॉबर सॉल्टचा, म्हणजे सोडियम सल्फेटचा, वाटा मोठा आहे.

प्रक्रिया नेहमीचीच फेंटन, म्हणजे लोह आणि पेरॉक्साइड वापरून केलेले ऑक्सिडीकरण, आहे. सल्फ्युरिक आम्लाने सामू ३ वर आणायचा, फेरस सल्फेट घालायचे, हायड्रोजन पेरॉक्साइड हप्त्याहप्त्याने सोडायचे, तासभर ढवळायचे, मग कॉस्टिकने सामू ८ पर्यंत चढवून लोखंडाचा साका बसू द्यायचा आणि वरची निवळ काढून घ्यायची. उरलेले पेरॉक्साइड मारण्यासाठी मी सोडियम सल्फाइट वापरते. पहिल्या काही मिनिटांतच काळानिळा रंग तांबूस होतो आणि मग जवळजवळ नाहीसा होतो. सीओडी, म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणी, निम्म्याहून खाली येतो. इथपर्यंत सर्व अपेक्षेप्रमाणे आहे.

अडचण विषारीपणाच्या चाचणीत आहे. ओईसीडी २०२ या प्रमाणित पद्धतीने डॅफ्निया मॅग्ना या पाणपिसूवर ४८ तासांची चाचणी केली असता, प्रक्रिया न केलेल्या पाण्याच्या २५ टक्के विरलनात बहुतेक जीव पोहत राहतात, आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या त्याच विरलनात दुसऱ्या दिवशी बहुतेक जीव बीकरच्या तळाशी निश्चल आढळतात. याउलट, तेच पाणी दुसऱ्या प्रयोगशाळेत व्हिब्रिओ फिशेरी या प्रकाशमान जिवाणूवर तपासून घेतले, तेव्हा ते जवळजवळ निरुपद्रवी असल्याचा अहवाल आला.

माझे प्रश्न असे आहेत. ऑक्सिडीकरणात रंगाच्या रेणूचे तुकडे होऊन तयार झालेली मधली संयुगे विषारी आहेत, की मी घातलेली रसायनेच विषारी ठरत आहेत, हे वेगळे कसे काढावे? दोन चाचण्या परस्परविरोधी बोलत असतील, तर कोणत्या चाचणीवर विश्वास ठेवावा? आणि प्रबंधात हा आकडा कोणत्या स्वरूपात मांडावा? मार्गदर्शक प्राध्यापक मूळचे रसायनशास्त्राचे असल्याने जैवचाचण्यांचा अनुभव असलेल्या सभासदांचे मत मिळाल्यास फार मदत होईल.

निवळी

नीलवर्णा, तुमच्या निरीक्षणात विसंगती नाही; तुम्ही दिलेल्या माहितीत उत्तराचा बराच भाग आधीच आहे. तरी घाईने ‘मधली संयुगे विषारी’ असा निष्कर्ष लिहू नका. या विषयावरच्या निबंधांमध्ये हा निष्कर्ष फार सहज लिहिला जातो, आणि त्यातल्या अनेकांत पेरॉक्साइड किती उरले होते याचा उल्लेखही नसतो.

सुरुवात पेरॉक्साइडपासून करा, कारण ते लिटरला काही मिलिग्रॅम इतके उरले तरी डॅफ्नियाला पुरते. मोजमापाच्या पट्ट्या स्वस्त आहेत. चाचणी सुरू करताना एकदा आणि ४८ तासांनी एकदा वाचन घ्या. हेच पेरॉक्साइड तुमच्या सीओडीतही लुडबुड करते: डायक्रोमेट त्याचेही ऑक्सिडीकरण करत असल्याने लिटरला १ मिलिग्रॅम पेरॉक्साइडमागे सीओडी सुमारे ०.४७ मिलिग्रॅमने फुगतो.

सल्फाइटबद्दल मला जास्त शंका आहे. गरजेपेक्षा थोडे अधिक पडले की ते पाण्यातला विरघळलेला प्राणवायू खाते, आणि चाचणीच्या अखेरीस लिटरला किमान ३ मिलिग्रॅम प्राणवायू असलाच पाहिजे, अशी ओईसीडी २०२ ची अट आहे. तुमचे जीव विषाने मेले की गुदमरून, हे प्राणवायूच्या नोंदीशिवाय सांगता येणार नाही. जैवचाचणीसाठी कॅटालेज हे विकर अधिक सुरक्षित. मात्र ते सामू ३ वर निकामी होते, म्हणून आधी उदासीनीकरण, मग कॅटालेज. ते टाकताच पेरॉक्साइड फुटून प्राणवायूचे बुडबुडे सुटतात. पाणी उघडे ठेवून हलके ढवळा आणि बुडबुडे थांबल्याशिवाय जीव सोडू नका, नाहीतर बुडबुडे कवचाखाली अडकून डॅफ्निया पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि मोजणाऱ्याला ते ‘निश्चल’ वाटतात. कॅटालेज प्रथिन आहे, त्यामुळे सीओडी आणि टीओसीचे (एकूण सेंद्रिय कार्बनचे) नमुने ते घालण्यापूर्वीच काढून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे: प्रक्रियेचा ब्लँक. रंगाच्या पाण्याऐवजी तेवढेच ग्लॉबर सॉल्ट घातलेले साधे पाणी घ्या आणि त्यावर आम्ल, फेरस, पेरॉक्साइड, कॉस्टिक, पेरॉक्साइड मारण्याचे रसायन, गाळणे, सगळे तसेच्या तसे करा. त्या पाण्यात डॅफ्निया मेले, तर रंगाच्या तुकड्यांवर खापर फोडण्याचे कारण उरत नाही. फेंटनमध्ये आम्ल आणि कॉस्टिकमुळे सोडियम सल्फेटची भर पडतेच. मिठापुरते सांगायचे तर डॅफ्निया मॅग्नासाठी ४८ तासांची ईसी ५० (निम्मे जीव निश्चल करणारे प्रमाण) लिटरला साधारण ४ ते ६ ग्रॅम मीठ इतकी येते. तुमच्या २५ टक्के विरलनात क्षार दोन-सव्वादोन ग्रॅमच असतील, म्हणून केवळ खारेपणाने हे घडले असे मला वाटत नाही. पण १०० आणि ५० टक्क्यांवरचे तुमचे निकाल क्षारांनी नक्कीच बिघडवलेले असतील. व्हिब्रिओ फिशेरी हा समुद्री जिवाणू आहे आणि त्याची चाचणी मुळात २ टक्के मिठातच होते, त्यामुळे खारेपणाबद्दल तो काहीच बोलत नाही.

मधल्या संयुगांची शक्यता मात्र खरी आहे. फिनॉलच्या फेंटन ऑक्सिडीकरणात आधी कॅटेकॉल आणि हायड्रोक्विनोन, मग बेंझोक्विनोन तयार होते, आणि यांतली हायड्रोक्विनोन व बेंझोक्विनोन ही मूळ फिनॉलपेक्षा कितीतरी पटींनी विषारी आहेत; पाणी तपकिरी दिसते तेव्हा विषारीपणा शिखरावर असतो आणि पुढे कडी फुटून ऑक्झॅलिक, फॉर्मिकसारखी साधी आम्ले उरली की तो उतरतो. म्हणून एकाच वेळचा नमुना पुरेसा नाही. ५, १५, ३० आणि ६० मिनिटांचे नमुने घ्या, प्रत्येकातले पेरॉक्साइड त्याच क्षणी थांबवा आणि विषारीपणा टीओसीच्या आलेखाशेजारी मांडा. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ चा रंग जाणे म्हणजे फक्त ॲझो बंध, म्हणजे रंग देणारा दोन नायट्रोजन अणूंमधला बंध, तुटणे. नॅफ्थलीनची कडी त्या वेळी शाबूत असू शकते.

व्हिब्रिओचा अहवाल पाहताना रंगाची दुरुस्ती केली होती का, हेही विचारून घ्या. हा जिवाणू ४९० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतो आणि गडद रंगाचे पाणी त्यातला काही प्रकाश शोषते. यामुळे मूळ पाणी आहे त्यापेक्षा अधिक विषारी दिसले असेल, आणि त्या तुलनेत प्रक्रिया केलेले पाणी उगाच निर्मळ ठरले असेल.

ईटीपीवाला

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण एक व्यवहाराचा प्रश्न आधी विचारतो: हे पाणी शेवटी कुठे जाणार आहे? थेट नाल्यात, की सामायिक प्रक्रिया केंद्रात? आमच्याकडे रासायनिक ऑक्सिडीकरण ही शेवटची पायरी नसते, जैविक टाकीच्या आधीची असते. तसे असेल तर डॅफ्नियापेक्षा सक्रिय गाळाच्या श्वसनावर होणारा परिणाम पाहणारी ओईसीडी २०९ ही चाचणी मला अधिक उपयोगी पडेल, कारण टाकीतले जिवाणू दगावले तर महिनाभर संयंत्र रुळावर येत नाही. अर्धवट तुटलेली संयुगे बहुधा जिवाणूंना पचतात. स्वित्झर्लंडमधील रेगेन्सडॉर्फ येथे ओझोन दिलेल्या सांडपाण्यात ट्राउट माशाच्या अंड्यांची आणि पिलांची वाढ मंदावली होती, आणि तेच पाणी पुढे वाळूच्या गाळणीतून गेल्यावर तो परिणाम नियंत्रण गटाच्या पातळीवर आला. त्यामुळे केवळ फेंटननंतरचा आकडा देऊन ‘ही प्रक्रिया घातक आहे’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

थेट विसर्ग असेल, तर कायद्याची चाचणी माशांची आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. तुमच्या क्षारांच्या पातळीला ती चाचणीही सोपी जाणार नाही, पण प्रबंधात तिचा उल्लेख असावा.

साधा रसायनज्ञ

दोन्ही प्रतिसाद वाचले. टर्कॉइजकडे मात्र कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. रिॲक्टिव्ह ब्लू २१ हा तांब्याचा थॅलोसायनिन आहे. तांबे या रेणूतल्या कड्याच्या मध्यभागी इतके घट्ट धरलेले असते की मूळ पाण्यात ते डॅफ्नियाला जवळजवळ जाणवत नाही. फेंटनमध्ये तयार होणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकाने कडे फोडले की तेच तांबे मोकळे होते. शिवाय ज्या सेंद्रिय पदार्थांनी ते बांधून ठेवले असते, तेही आपण त्याच झटक्यात नष्ट करतो. एकूण तांबे तेवढेच राहते आणि विषारीपणा वाढतो. मोकळे तांबे, विशेषतः मृदू पाण्यात, लिटरला काही दहा मायक्रोग्रॅम असले तरी डॅफ्नियाला घातक ठरते, तर अर्ध्या तासाच्या चाचणीत व्हिब्रिओला ते इतक्या थोड्या प्रमाणात जाणवत नाही. तुमच्या दोन चाचण्यांमधील भांडण यातून बरेचसे मिटते. दुर्दैवाने आपल्या सर्वसाधारण मानकांत तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे, त्यामुळे कागदोपत्री हे पाणी अगदी निर्दोष निघेल.

तपासणे सोपे आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने विषारीपणाचे कारण शोधण्यासाठी जी क्रमवार पद्धत आखली आहे, तिच्या पहिल्या टप्प्यात नमुन्याचे भाग करून एकात ईडीटीए (धातू बांधून ठेवणारे संयुग), दुसऱ्यात थायोसल्फेट घालतात, तिसरा सी १८ च्या स्तंभातून गाळतात, चौथ्यात हवा सोडतात. ईडीटीएने जीव वाचले तर धातू, थायोसल्फेटने वाचले तर उरलेले ऑक्सिडीकारक (काही धातूही त्याने बांधले जातात, हे लक्षात असू द्या), सी १८ ने वाचले तर अध्रुवीय सेंद्रिय संयुगे. ईडीटीए अधिक पडल्यास ते पाण्यातले कॅल्शियमही बांधते आणि स्वतःच अपायकारक होते, म्हणून तेवढेच ईडीटीए साध्या विरलन-पाण्यात घालून शेजारी एक बीकर अवश्य ठेवा.

नीलवर्णा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सुचवलेल्या चाचण्यांपैकी काही करून पाहिल्या, त्यांचे निकाल येथे नोंदवते.

पाणी सामायिक केंद्रातच जाते, त्यामुळे श्वसनाची चाचणी आता आराखड्यात घेतली आहे. सल्फाइटऐवजी कॅटालेज वापरल्यावर प्राणवायू पूर्ण ४८ तास उत्तम राहिला आणि मृत्यू थोडे कमी झाले, परंतु थांबले नाहीत. प्रक्रियेच्या ब्लँकमध्ये २५ टक्के विरलनाला जवळजवळ सर्व जीव पोहत होते. ६० मिनिटांच्या नमुन्यात ईडीटीए घातल्यावर बहुतेक जीव वाचले आणि ईडीटीएच्या कंट्रोलमध्येही काही अपाय दिसला नाही. १५ मिनिटांच्या तांबूस नमुन्यात मात्र ईडीटीएने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो नमुना सी १८ मधून गाळल्यावर. म्हणजे एकाच प्रक्रियेत आधी एक कारण आणि शेवटी दुसरे, असे दिसते. हे असेच मांडणे योग्य होईल का? आणखी एक लहान प्रश्न: उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत २० अंश तापमान टिकवणे अशक्य होते. डॅफ्निया मॅग्नाऐवजी मोइना ही पाणपिसू चालेल का?

निवळी

असेच मांडा, एका सरासरी आकड्यात ही दोन कारणे कोंबू नका. प्रत्येक वेळेच्या नमुन्यासाठी विषारीपणाची एकके, म्हणजे १०० भागिले टक्क्यांतील ईसी ५०, द्या आणि सोबत त्याच नमुन्याचे उरलेले पेरॉक्साइड, सामू, वाहकता, टीओसी आणि विरघळलेले तांबे एकाच तक्त्यात ठेवा. विरघळलेले तांबे मोजताना ०.४५ मायक्रोमीटरची गाळणी वापरा, कारण लोखंडाच्या साक्याला चिकटलेले तांबे मोजणीत आले तर विषारीपणाशी संबंध दिसणार नाही. उदासीनीकरण सामू ९ च्या जवळ नेऊन तांबे साक्याबरोबर अधिक खाली बसते का, हेही पाहता येईल. डॅफ्नियाला देण्यापूर्वी सामू परत ७.५ च्या आसपास आणायला विसरू नका.

मोइना चालेल. आपल्या डबक्यांत ती आढळते, मत्स्यबीज केंद्रांत खाद्य म्हणून वाढवली जाते आणि उष्ण पाणी सहज सोसते. फक्त निकालाला ओईसीडी २०२ चे नाव देऊ नका, ‘त्या धर्तीवर’ असे लिहा. जीव नेहमीइतके संवेदनशील आहेत का हे तपासण्यासाठी वापरायच्या पोटॅशियम डायक्रोमेटची डॅफ्निया मॅग्नासाठी २४ तासांची ईसी ५० लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान यावी लागते. मोइनासाठी तुमची स्वतःची अशी मर्यादांची पट्टी आधी डायक्रोमेटवर तयार करा आणि प्रत्येक नव्या तुकडीसोबत ती पुन्हा तपासा. कंट्रोलमध्ये १० टक्क्यांहून अधिक जीव निश्चल झाले, तर त्या दिवसाची संपूर्ण चाचणी बाद करा. आणि २४ तासांहून कमी वयाची पिले घ्यायची, तर आदल्या संध्याकाळी मोठ्या माद्या वेगळ्या बीकरमध्ये काढून ठेवा, सकाळी जाळीतून गाळल्या की फक्त रात्रीत जन्मलेली पिलेच हाती येतात.